तिसरं मत

आम्हा भावंडांच्या दोन खुर्च्या गावभर प्रसिद्ध होत्या. एक माझी, दवाखान्यातली. तिच्यात बसलं की भल्याभल्यांना देव आठवायचा. दुसरी दादाची, धर्मविद्यालयातली. तिच्यावर उलटा बसून दादा देव नाही म्हणून सांगायचा. लोक हा विनोद माझ्या तोंडावर करायचे आणि मीही हसायचे. आता कुणी केला तर त्याची अक्कलदाढ मी भूल न देता काढीन.

मी दातांची डॉक्टर. लग्न केलं नाही. जीभ तिखट आहे, ते मला ठाऊक आहे, नव्यानं कुणी सांगायला येऊ नये. दादा माझा थोरला भाऊ. ज्याला हे लोक ईश्वरशास्त्र म्हणतात, ते त्यानं जन्मभर शिकवलं. त्याच्या हाताखालून शिकून गेलेले कुणी प्रवचनं करतात, कुणी धर्मगुरू झाले, कुणी इस्पितळात शेवटच्या घटका मोजणाऱ्यांपाशी बसतात. खाली माझा दवाखाना आणि मागे माझ्या दोन खोल्या, वर दादा-वहिनी, अशी आमची राहणी. जेवण मात्र वरती, तिघांचं एकत्र. वहिनी म्हणायची, "तुझे दादा देवाचं तोंड उघडून बघतात आणि तू माणसांचं. मला मेलीला दोघांची तोंडं भरायचं काम!"

दादाचा एक तास होता, पूर्वपक्षाचा. पूर्वपक्ष म्हणजे समोरच्याची बाजू. आपलं मत मांडायच्या आधी विरोधकाचं मत मांडायचं, तेही त्याच्यापेक्षा चांगलं, आणि मगच त्याला उत्तर द्यायचं. दादा वर्गात यायचा, खुर्ची फिरवायचा, पाठीवर दोन्ही हात टेकून उलटा बसायचा. खुर्ची फिरली की दादा फिरला. मग तो असा काही बोलायचा की नवी पोरं लिहिता लिहिता थांबायची. देव म्हणजे माणसाची भीती, प्रार्थना म्हणजे स्वतःशीच केलेली बडबड, वगैरे वगैरे. पोरं एकेक उठून उत्तरं द्यायची. कुणी अडखळलं की दादा एकच शब्द म्हणायचा, "पुढे?" रागानं नाही हं. मूल चालायला लागलं की आपण दोन पावलं मागे सरकून हात पसरतो ना, तसा.

आणि त्या तासाला एक नियम होता. पूर्वपक्ष मांडणाऱ्याला काहीही विचारा, फक्त 'तुम्ही खरंच असं मानता का?' हे विचारायचं नाही. विचारलं की बाहेर. मी एकदा म्हटलं, "का रे बाबा? मी तर पहिलं तेच विचारलं असतं." तर म्हणाला, "ते विचारलं की माणूस मुद्दा सोडून समोरच्याची गचांडी धरतो. उत्तर मुद्द्याला द्यायचं असतं, माणसाला नाही." मला पटलं होतं तेव्हा. बरं वाटलं होतं ऐकायला.

तसं त्याचं शास्त्र मला कधी फारसं झेपलं नाही, पण मी त्याला हसायचेही नाही. एकदा मी विचारलं होतं, "इतकी जाडजूड पुस्तकं वाचून देव कळतो का रे?" तो म्हणाला, "देव कळायला नसतं ते. आपण देवाबद्दल स्वतःच्या सोयीचं बोलत नाही ना, तेवढं तपासायला असतं. तू एक्स-रे काढतेस ना? एक्स-रे म्हणजे काही दात नव्हे. पण तो न बघता ड्रिल लावशील का?" त्यानं माझ्याच हत्यारानं मला गप्प केलं.

वहिनी शाळेत भूगोल शिकवायची. तिची रोजची प्रार्थना पाच-सात वाक्यांची, त्यातली दोन आमच्या तब्येतीबद्दल. दादाचं एकही पुस्तक तिनं पुरं वाचलं नव्हतं. "तुमच्या देवाला तळटिपा फार," असं म्हणायची आणि दादा हसून पान उलटायचा. छान चाललं होतं त्यांचं. खरंच छान.

मग वहिनीचं दुखणं निघालं आणि ते उताराला लागलंच नाही. इस्पितळानं घरी पाठवलं, म्हणजे काय ते आम्ही तिघंही समजलो. शेवटचा दिवस शांत होता. दुपारची वेळ, खिडकीतून ऊन आलेलं, खालच्या रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवतंय. मी सूपचा वाडगा घेऊन दारात आले तर वहिनी दादाला विचारत होती, "अहो, मी आता जातेय ती नक्की कुठे हो? मुलांना जन्मभर नकाशे काढून दाखवले. तुम्ही मला एक तरी दाखवा."

दादानं खुर्ची पलंगाजवळ ओढली. घसा साफ केला. आणि म्हणाला, "याबद्दल साधारण तीन मतं आहेत."

वहिनीनं माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. "ऐकलंस का गं? तीन!"

त्यानं पहिलं मत सांगितलं. शिकवताना तो छताकडे बघतो, तसाच बघत होता. चांगलं बोलत होता, सोपं करून, जीव ओतून. मला वाटतं, घाबरला होता, आणि घाबरल्यावर त्याला बोलता येत होतं तेवढं एकच. दुसऱ्या मताच्या मध्यावर वहिनीचा हात चादरीवरून घसरला. मी म्हटलं, "दादा, थांब." तो छताकडे बघतच म्हणाला, "एवढं संपू दे गं." मी वाडगा खाली ठेवला आणि त्याच्या खांद्याला धरून हलवलं, तेव्हा कुठे त्यानं खाली बघितलं.

तिसरं मत तसंच राहिलं.

त्यानंतर दादानं प्रार्थना बंद केली. कुणाला कळलं नाही, कारण तो सगळीकडे जायचा, उभा राहायचा, ओठ हलवायचा. मला कळलं. दातांच्या डॉक्टरला ओठ वाचता येतात. तो प्रार्थनेच्या वेळी आकडे मोजायचा.

निवृत्त झालेला माणूस, दुपारी वर करमेना म्हणून माझ्या दवाखान्यात येऊन बसायला लागला. पेशंटांच्या रांगेत, जुनी मासिकं चाळत. एकदा पेशंट नव्हता तेव्हा मी म्हटलं, "ये, बस खुर्चीत, दात साफ करून देते. खडे धरलेत नुसते." बसला बिचारा. तोंडात लाळ ओढायची नळी, माझी दोन बोटं, आणि हा काहीतरी बोलायला लागला. मी ओरडले, "गप्प बस, हिरडी कापेल!" गप्प बसला. पुन्हा बोलायला लागला. शेवटी मी नळी काढली.

"तिकडे कुणी नाहीये असं वाटतंय मला," दादा म्हणाला.

"कुठे?"

"ती गेली तेव्हा मी दुसरं मत सांगत होतो. सांगता सांगता मला कळलं की मी एका रिकाम्या घराचा पत्ता सांगतोय. ती गेल्यावर नाही, आधीच कळलं. म्हणून तर थांबलो नाही. थांबलो असतो तर तिनं माझं तोंड बघितलं असतं."

मी त्याच्या गळ्यातला कागदी रुमाल उगाचच नीट केला. म्हटलं, "बरं झालं बोललास. मन हलकं झालं ना?"

"तुला सांगून काय होणार?" म्हणाला. मग माझं तोंड बघून घाईनं म्हणाला, "तसं नाही गं. तू कधी मानलंच नाहीस. ज्याच्या घरात दिवा नव्हताच, त्याला दिवा विझल्याचं काय सांगायचं? ज्याला त्यातलं कळतं अशा एखाद्याला सांगायचंय. त्यानं उत्तर द्यायला नकोय मला. त्यानं फक्त म्हणावं, हो, तुमचं खरंच असं झालंय. आणि थोडा वेळ बसावं."

एवढंच हवं होतं त्याला. एक मानणारा माणूस, ज्यानं त्याच्या न मानण्यावर विश्वास ठेवावा. काय अवघड होतं त्यात? मला तर वाटलं, आठवड्यात काम होईल.

तो माणूस कोण, हेही ठरलेलंच होतं. टाचणी. अंगानं सडपातळ, ताठ, आणि विद्यार्थी असल्यापासून समोरच्याच्या युक्तिवादात नेमकी टोचायची जागा शोधणारा. दादानंच ठेवलेलं नाव. आता तो विद्यालयाचा प्राचार्य, डोक्यावरचे केस गेलेले, पण आम्ही टाचणीच म्हणायचो. दादावर त्याचा जीव. वहिनीच्या दुखण्यात औषधं आणायला तो, रात्रपाळीची नर्स शोधायला तो, आमच्या स्वयंपाकघरातला गळका नळ बदलायलाही तोच. पोटच्या पोरानं केलं नसतं इतकं त्यानं केलं, हे मी नाकारणार नाही.

त्या रविवारी टाचणी आला. मी चहा ठेवला आणि मुद्दाम आत रेंगाळले. दादा म्हणाला, "मला तुझ्याशी बोलायचंय. माझा देवावरचा विश्वास उडालाय."

टाचणीच्या तोंडावर असं काही हसू पसरलं की विचारू नका. "वा सर! किती महिन्यांनी!" आणि पाय दुमडून नीट बसला.

दादा म्हणाला, "अरे, मी खरंच सांगतोय."

"पूर्वपक्ष खराच असतो, सर. तुम्हीच शिकवलंत."

मग दादानं मुद्दे मांडले. दुसरं काय करणार? त्याला दुःखसुद्धा एक, दोन, तीन असंच मांडता यायचं. टाचणीनं त्यांना एकेक करून उत्तरं दिली, इतकी सुंदर की स्वयंपाकघरात उभी राहून मलाही क्षणभर वाटलं, असेल बाबा देव. दादा ऐकत होता. एका ठिकाणी टाचणी अडला तर दादा सवयीनं म्हणाला, "पुढे?" आणि टाचणीला पुढचं सुचलं.

जाताना जिन्यात टाचणी मला म्हणतो कसा, "डॉक्टरताई, सर सावरले बरं का! काय तयारी आहे अजून!"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी त्याला जिन्यातच अडवला. "अरे शहाण्या, तो खरं बोलतोय. त्याचा सराव नाही चाललेला. त्याला रडू येतंय आणि तू त्याला गुण मिळवून दाखवतोयस!"

तो मायेनं हसला. लहान मुलाकडे बघून हसतात तसं. "ताई, तुम्ही त्यांच्या तासाला कधी बसला नाहीत. पहिल्या वर्षी आम्हालाही असंच वाटायचं. एक पोरगा तर रडत घरी गेला होता."

"मग विचार ना त्याला! सरळ तोंडावर विचार, खरंच असं मानता का म्हणून."

टाचणीचं हसू जरासं हललं. मग म्हणाला, "तेवढं एकच विचारायचं नसतं, ताई." आणि खाली उतरून गेला. मी कपाळावर हात मारून घेतला.

दादाला मी म्हटलं, "वहिनीचं सांग त्याला. दुसरं मत, हात घसरला, सगळं सांग. मुद्दे नको सांगू." दादा म्हणाला, "ते माझ्या तोंडातून निघत नाही." मी म्हटलं, "मग मी सांगते." तर एकदम भडकला. उभ्या आयुष्यात माझ्यावर आवाज न चढवलेला माणूस. "ते तिचं-माझं आहे. तू सांगायचं नाहीस. शपथ आहे तुला." झालं. माझ्याही तोंडाला कुलूप.

त्यानंतर टाचणीच्या डोक्यातून एक कल्पना निघाली. सरांचा एक तास विद्यालयात ठेवायचा, पूर्वपक्षाचा, नव्या-जुन्या सगळ्या विद्यार्थ्यांसाठी. मला वाटलं दादा नाही म्हणेल. तर तो चक्क खुलला. म्हणाला, "बरं झालं. तिथं सगळ्यांसमोर सांगतो. खुर्ची फिरवणारच नाही. सरळ बसेन. खुर्ची सरळ म्हणजे मी माझ्या बाजूनं बोलतोय, हे त्यांना कळेलच."

मी त्याचा शर्ट इस्त्री केला. दाढी करताना हनुवटी कापली त्याला औषध लावलं. आयुष्यात पहिल्यांदा मी दवाखाना बंद ठेवून त्याच्या तासाला गेले. मोठी खोली, उंच खिडक्या, बाकांवर वर्षानुवर्षांच्या कोपरांनी आलेली चकाकी. खच्चून भरली होती. पिकल्या केसांचे लोक विशी-बाविशीच्या पोरांना खेटून बसलेले. पुढे मध्यावर दादाची खुर्ची, आणि ती कुणीतरी प्रेमानं आधीच फिरवून ठेवलेली.

दादा आला. खुर्चीकडे बघितलं. ती धरून सरळ केली आणि सरळ बसला.

खोलीत एक कुजबुज उठली आणि मग टाळ्या. टाळ्या! माझ्या शेजारचा टक्कल पडलेला गृहस्थ मला म्हणाला, "बघितलंत? खुर्चीसुद्धा सरळ! याच्यापेक्षा कठीण पूर्वपक्ष असूच शकत नाही." मला त्याचे सगळे दात एकदम दिसले आणि हातात पक्कड नाही याचं वाईट वाटलं.

दादा म्हणाला, "आज मी स्वतःच्या बाजूनं बोलतोय." पुन्हा हशा, कौतुकाचा. दादानं हात वर केला, थांबला, आणि बोलायला लागला. "एक माणूस आहे," म्हणाला. 'मी' म्हण रे दादा. 'एक माणूस' कशाला? "एक माणूस आहे. मरणाऱ्या बायकोनं त्याला विचारलं की मी कुठे जातेय. त्यानं तिला तीन मतं सांगायला सुरुवात केली. दुसऱ्या मतावर त्याला कळलं की जे सांगतोय त्यातलं काहीच त्याला ठाऊक नाही आणि तिकडे कुणी नाही. आता या माणसाला तुम्ही काय सांगाल?"

सांगायला काय, सगळे तयारच होते. एकामागून एक उठले. कुणी म्हणालं, कळत नाही म्हणजे नाही असं होत नाही. कुणी म्हणालं, त्या माणसाचं दुःख हाच त्याच्या श्रद्धेचा पुरावा आहे. कुणी जुन्या आचार्यांची वचनं काढली. खोटं एकही नव्हतं हो. तेच तर. दादा प्रत्येकाकडे बघत होता, आशेनं, आणि प्रत्येकजण खाली बसला की त्याचे खांदे थोडे उतरायचे. तरी एक पोरगा चुकीचं वचन बोलला तर त्यानं ते दुरुस्त करून दिलं.

मग मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. जाड चष्मा, पहिल्या वर्षाची असावी. तिनं बाकाची कड धरली. मग म्हणाली, "सर, तुम्ही खरंच..."

"नियम! नियम!" चहूकडून आवाज आले, हसत हसत. टाचणीनं पुढच्या रांगेतून वळून बोट वर केलं. पोरगी लाल झाली आणि खाली बसली.

मी उभी राहिले. "विचारू द्या तिला!" माझा आवाज भिंतीवर आपटला. "काय नियम-नियम लावलंय? विचारू द्या!"

सगळ्यांची तोंडं माझ्याकडे, मग दादाकडे. दादानं माझ्याकडे बघितलं. त्याचे ओठ उघडले. आता बोलणार, मला वाटलं, आता बोलला. एका शब्दाचं काम होतं. 'विचार' एवढंच म्हणायचं होतं त्या पोरीला.

तेवढ्यात टाचणी उठला. मला, दादाला, सगळ्यांनाच अवघडल्यातून सोडवायला उठला असेल. "सर, त्या माणसाला मी उत्तर देऊ?" असं म्हणून तो बोलायला लागला आणि पहिल्याच वाक्यात अडखळला. आणि माझा भाऊ, जन्माचा मास्तर, त्याच्याकडे वळला आणि सवयीनं म्हणाला, "पुढे?"

तिथंच संपलं ते. टाचणीचं उत्तर सर्वांत लांब होतं आणि सर्वांत चांगलं. शेवटी सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते.

घरी येताना दादा गाडीत एवढंच म्हणाला, "उत्तरं चांगली होती गं. मीच शिकवलेली." मग जरा वेळानं, "तिलाही मी चांगलंच सांगत होतो. असंच वाटलं असेल तिला." मी गाडी बाजूला घेतली, कारण मला पुढचं दिसेना.

पुढच्याच आठवड्यात त्याला मेंदूचा झटका आला. सकाळी मी चहा घेऊन वर गेले तर तो पलंगाच्या कडेला बसलेला, तोंड एका बाजूला ओघळलेलं. इस्पितळातून घरी आणला तेव्हा उजवी बाजू लुळी आणि वाचा गेलेली. तिथल्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं, यांना ऐकू येतं, कळतं सगळं, पण शब्द सापडत नाहीत. कधीकधी एखादाच शब्द शिल्लक राहतो, मग प्रत्येक गोष्टीला माणूस तोच म्हणतो.

दादाचा शिल्लक राहिलेला शब्द होता, "पुढे?"

पाणी हवं, "पुढे?" कूस बदलायची, "पुढे?" मी रोज सकाळी त्याचे दात घासते, ब्रश आत घालायच्या आधी तो मला म्हणतो, "पुढे?" पहिले काही दिवस मी हसायचे आणि मग बाथरूममध्ये जाऊन तोंड धुऊन यायचे.

टाचणी रोज यायचा. शेजारी बसून पुस्तकं वाचून दाखवायचा, दादाचीच. एके दुपारी तो खाली दवाखान्यात आला आणि म्हणाला, "सरांच्या त्या शेवटच्या तासाचं पुस्तक काढावं म्हणतोय. प्रश्न आणि उत्तरं."

मी हातातला ट्रे आपटला. शपथ होती, ठाऊक आहे. पण ज्यानं 'मोडू नको' म्हणायचं, त्यालाच आता बोलता येत नव्हतं. मी म्हटलं, "टाचण्या, तो 'एक माणूस' कोण होता, ठाऊक आहे तुला? मी त्या खोलीत होते. हातात सूपचा वाडगा होता माझ्या." आणि सगळं सांगितलं. नकाशा, तीन मतं, चादरीवरून घसरलेला हात, 'एवढं संपू दे गं'.

तो माझ्या पेशंटच्या खुर्चीत मटकन बसला. त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मग म्हणाला, "मला कळलं होतं, ताई. सगळं नाही, पण त्या रविवारीच कुठेतरी कळलं होतं. सरांचे हात थरथरत होते. पूर्वपक्ष मांडताना त्यांचे हात कधी थरथरले नाहीत."

"मग का नाही विचारलंस रे?"

"सर हो म्हणाले असते तर? मी त्यांना धरून उभा आहे, ताई. सगळं त्यांच्याकडूनच घेतलंय. नियम होता म्हणून बरं वाटलं मला."

मी त्याला खूप काही बोलणार होते. महिनोन् महिने तयारी केली होती मी, एकेक शब्द घासून ठेवला होता. एकही बोलले नाही. त्याच्या जागी मी असते तर काय केलं असतं, देव जाणे. बघा, म्हणायला त्यालाच पुढे करावं लागतं.

आम्ही वर गेलो. दादा उशांना टेकून बसला होता. टाचणीनं पुस्तक बाजूला ठेवलं, खुर्ची ओढली आणि सरळ बसला. दादाचा डावा हात हातात घेतला.

"सर," म्हणाला, "तुम्ही खरंच असं मानता का?"

दादा त्याच्याकडे बघत राहिला. त्याला कळलं होतं. त्याच्या डोळ्यांवरून मला स्पष्ट दिसलं की त्याला कळलंय, काय विचारलंय आणि कुणी. त्याचे ओठ हलायला लागले. तो शब्द शोधत होता. इतकी वर्षं ज्याच्या तोंडी पोथ्याच्या पोथ्या होत्या तो माझा भाऊ एक 'हो' शोधत होता, किंवा 'नाही', मला काय ठाऊक. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. दादाच्या कपाळावर घाम आला. आणि शेवटी तो शब्द आला.

"पुढे?"

टाचणीच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि तो ते पुसत नव्हता.

"पुढे मला येत नाही, सर," तो म्हणाला.

दादानं त्याचा हात घट्ट धरला. तो सोडेचना. दोघं तसेच बसले, आणि हेच त्याला हवं होतं, अगदी एवढंच, तेव्हा, जेव्हा त्याच्याजवळ सांगायला शब्द होते. आता ऐकणारा आला होता आणि सांगणारा संपला होता. मला आनंद व्हायला हवा होता. मला नुसता राग येत होता, कुणाचा ते कळत नव्हतं. नियमाचा, टाचणीचा, वहिनीच्या त्या एका साध्या प्रश्नाचा.

खाली दवाखान्याची घंटी वाजली. कुणीतरी पेशंट आला असणार. मी गेले नाही. पलंगाच्या दुसऱ्या बाजूला, जिथं वहिनी असायची तिथं जाऊन बसले.

"पुढे?" दादा पुन्हा म्हणाला, आता माझ्याकडे बघून.